संघाच्या दप्तरांतील ठेव

वकिलीची सनद नुकतीच हातीं आलेली एक तरुणी अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या न्यायालयाच्या आवारांत प्रथमच पाऊल टाकते, अशी कल्पना करावी. पहिल्या आठ दिवसांतच कोणी ज्येष्ठ वकील तिला सांगतात, "बाई, आधीं संघाच्या सभासद होऊन जा." चिटणीस तिच्यापुढें छापील अर्ज ठेवतात. पूर्ण नांव, वडिलांचें अथवा पतीचें नांव, जन्मतारीख, रक्तगट, घरचा पत्ता, मोबाईलचा क्रमांक, सनदेचा क्रमांक, दोन छायाचित्रें, आणि वारस म्हणून कोणाचें नांव लावावयाचें तें. पांच मिनिटांत अर्ज भरून होतो. ती सही करते, वर्गणी देते आणि पावती घेऊन निघते. पावती मिळाली ती पैशाची. माहितीची पावती तिला कोणी दिली नाहीं, व तिनेंहि मागितली नाहीं. रुपयांचा हिशेब वर्षअखेर सर्वसाधारण सभेपुढें येईल, हिशेबतपासनीस त्यावर सही करतील. परंतु अर्जांतील त्या दहा-बारा ओळी पुढें कोणाच्या हातीं गेल्या, याचा हिशेब कोणत्या सभेपुढें येतो ?

हा प्रश्न केवळ वकिलांचा नाहीं. डॉक्टर, अभियंते, औषधविक्रेते, शिक्षक या सर्वांचे संघ असतात, व प्रत्येक संघाच्या कपाटांत अशा अर्जांची चळत असते. ती चळत संघाची मालमत्ता नव्हे. ती सभासदांची ठेव होय. पंढरीच्या वारीस निघालेला गृहस्थ दागिन्यांचा डबा विश्वासू शेजाऱ्याच्या स्वाधीन करून जातो. शेजाऱ्यानें तो सांभाळावयाचा असतो. त्यांतील पाटल्या आपल्या घरच्या लग्नांत मिरवून आणण्याची मुभा त्याला नसते, मग त्या जशाच्या तशा डब्यांत परत पडणार असल्या तरीहि. ज्या कारणासाठीं वस्तु सोंपविली त्याच कारणासाठीं तिला हात लावावा, हा ठेवीचा धर्म आहे. संघाच्या दप्तरास हाच धर्म लागू पडतो, आणि आतां तर तो कायद्याच्या भाषेंतहि उतरला आहे.

अर्थात् व्यावसायिकाची सर्वच माहिती झांकून ठेवण्यासारखी नसते. हा भेद वऱ्हाडाला जुन्या काळापासून ठाऊक आहे. १८९७ सालीं वऱ्हाडासाठीं कापूस व धान्य यांच्या बाजारांचा कायदा झाला. शेतमालाच्या बाजाराला शिस्त लावणाऱ्या देशांतील अगदीं पहिल्या कायद्यांत त्याची गणना होते. बाजारांतील अडते व मापारी यांना परवाने घ्यावे लागूं लागले. आपला कापूस ज्याच्या तराजूवर चढतो तो मापारी परवान्याचा आहे कीं नाहीं, हें जाणण्याचा अधिकार बंडी घेऊन आलेल्या कास्तकाराला असलाच पाहिजे. म्हणून परवाना ही चारचौघांची बाब. परंतु त्याच मापाऱ्याच्या घरीं कोण आजारी आहे, त्याच्यावर कर्ज किती आहे, त्याची लेक कोठें शिकते, याच्याशीं कास्तकाराचा कांहीं संबंध नाहीं. परवाना बाजाराचा, घर त्याचें स्वतःचें.

वकिलांच्या बाबतींत ही रेषा १९६१ च्या अधिवक्ता कायद्यांत सांपडते. प्रत्येक राज्याच्या वकील परिषदेनें, म्हणजे बार कौन्सिलनें, अधिवक्त्यांचा पट ठेवावा, असें त्या कायद्याचें सतरावें कलम सांगतें. महाराष्ट्र व गोवा यांची परिषद एकच आहे. आपल्या बाजूनें उभा राहणारा मनुष्य खरोखर वकील आहे काय, हें अशिलाला ताडून पाहतां यावें, हा अशा पटाचा एक मोठा उपयोग. जिल्ह्याच्या ठिकाणचा वकील संघ ही वस्तु निराळी. तो सभासदांनीं स्वेच्छेनें उभारलेला असतो. वाचनालय, बसण्याची खोली, निवडणूक, सुखदुःखाची विचारपूस हीं त्याचीं कामें. पटाचें काम नांव व नोंदणीचा तपशील एवढ्यावर भागतें; संघाला मात्र रक्तगट लागतो, वारसाचें नांव लागतें. १९८१ च्या कायद्यानें महाराष्ट्रांतील वकिलांसाठीं कल्याणनिधि निर्माण झाला. सभासद दगावल्यास त्याच्या कुटुंबाला साहाय्य पोंचवावयाचें, तर कुटुंबाची माहिती हवीच. माहिती मागण्यांत दोष नाहीं. दोष शिरतो तो मूळ कारण संपल्यावर, किंवा कोणास न विचारतां तें बदलल्यावर.

यावर कोणी म्हणेल, पूर्वीं कोठें एवढी लपवाछपवी होती ? दादासाहेब खापर्डे, रंगनाथ नरसिंह मुधोळकर, मोरोपंत जोशी हे अमरावतीचे नामांकित वकील. १८९७ सालीं राष्ट्रीय सभेचें अधिवेशन अमरावतीस भरलें, तेव्हां स्वागताध्यक्ष खापर्डेच होते. अशा पुरुषांच्या घराचा पत्ता छापावा लागत नसे. तो साऱ्या गांवाला पाठ असे. हें खरें आहे. परंतु गांवाला ठाऊक असणें आणि यादींत असणें यांत मोठें अंतर आहे. गांवाच्या माहितीला गांवाची भीडमुर्वत असते. मध्यरात्रीं दार ठोठावणारा कोण, हें शेजारी पाहत असतात. यादीला भीड नसते. एकदां ती संगणकांत चढली कीं निमिषांत तिच्या हजार प्रती होतात, आणि ती कोणापर्यंत पोंचली हें ज्याचें नांव तींत आहे त्यालाच कळत नाहीं. त्या तरुण वकीलबाईनें एखाद्या कौटुंबिक खटल्यांत छळ झालेल्या पत्नीची बाजू घेतली, आणि चिडलेल्या प्रतिपक्षाला संघाच्या छापील सूचींतून तिच्या घरचा पत्ता व मोबाईलचा क्रमांक मिळाला, तर त्या सूचीनें काय केलें हें निराळें सांगावयास नको.

खाजगी माहितीची मर्यादा कोठवर, याविषयींचा एक महत्त्वाचा निवाडा अकोल्याशीं संबंधित आहे. भविष्यनिर्वाह निधीच्या अकोला येथील उपप्रादेशिक कार्यालयांत अंमलबजावणी अधिकारी राहिलेल्या एका नोकरदाराविषयीं एका नागरिकानें २००८ सालीं माहितीच्या अधिकाराखालीं अर्ज केला. त्याचा पगार, त्याला मिळालेल्या ताकिदी, त्याची मालमत्ता, त्याचीं प्राप्तिकराचीं विवरणपत्रें, इतकेंच नव्हे तर मुलाच्या लग्नांत आलेले आहेर, येथपर्यंत त्या अर्जाची मजल गेली होती. प्रकरण चढत चढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोंचलें. ३ ऑक्टोबर २०१२ रोजीं त्या न्यायालयानें ठरविलें कीं, नोकरींतील कामगिरी ही प्रथमतः नोकर व त्याचा मालक यांच्यामधील बाब आहे, आणि प्राप्तिकराचीं विवरणपत्रें ही खाजगी माहितीच होय. व्यापक लोकहित दाखविल्यावांचून ती उघड करतां येणार नाहीं. या प्रकरणांत मालक सरकारी होता, व्यावसायिक संघ नव्हता. तरी त्यांतील सूत्र संघांनींहि ध्यानांत ठेवण्यासारखें आहे : एका नात्यानें जमलेली माहिती त्या नात्याबाहेर नेतांना सबळ कारण दाखवावें लागतें.

पुढें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचें सांगितलें. २०२३ सालीं संसदेनें वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले, व मुख्य कर्तव्यें अमलांत येण्यास त्या वेळीं अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यांत आली. या कायद्यानें माहिती बाळगणाऱ्याला जें नांव दिलें आहे, त्याचा अर्थ 'विश्वस्त' असा होतो. म्हणजे ठेवीची जी कल्पना वारकऱ्याच्या शेजाऱ्याला न शिकवतां समजत होती, तीच येथें शब्दबद्ध झाली आहे. मंडळी एकत्र येऊन झालेला संघ, मग तो नोंदलेला असो वा नसो, या विश्वस्तपणांतून सुटत नाहीं.

कलमांची भाषा बाजूला ठेवून त्या कायद्याचा व्यवहार पाहिला, तर तो घरगुती शहाणपणाहून फारसा निराळा नाहीं. माहिती घेतांना ती कशासाठीं हवी तें सांगावें. संमति मागतांना दिली जाणारी ही सूचना इंग्रजींतच वाचावी लागेल असें नाहीं, राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांतील बावीस भाषांपैकीं कोणत्याहि भाषेंत, अर्थात् मराठींतहि, ती मिळूं शकते. संमति मोकळेपणानें दिलेली असावी, आणि ती देणें जितकें सोपें तितकेंच परत घेणेंहि सोपें असावें. चुकलेली नोंद दुरुस्त करून मागतां यावी. काम संपल्यावर, दुसऱ्या एखाद्या कायद्यानें जपून ठेवण्यास सांगितलें नसेल तर, माहिती पुसून टाकावी. माहिती फुटली तर झांकाझांक न करतां ती गोष्ट सभासदाला व त्यासाठीं नेमलेल्या मंडळाला कळवावी. मंडळाला सविस्तर वृत्त देण्यास नियमांनीं बहात्तर तासांची मर्यादा घातली आहे. सांभाळण्यांत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटि रुपयांपर्यंत जाते. कपाटांतील निव्वळ कागदी नोंदवहीला हा कायदा लागत नाहीं. परंतु तीच वही संगणकांत उतरविली कीं लागतो. आणि कायद्याच्या बंधनामुळें जी माहिती सर्वांसाठीं जाहीर केलेली असते, ती याच्या कक्षेबाहेर राहते. मापाऱ्याचा परवाना आणि मापाऱ्याचें घर यांमधील तीच जुनी रेषा येथें पुन्हां दिसते.

दंडाचा आकडा ऐकून छोट्या संघाच्या चिटणीसांनीं घाबरून जाण्याचें कारण नाहीं. परंतु आपल्या दप्तराकडे एकवार पाहण्याचें कारण मात्र आहे. अशा संघांतून माहिती पुष्कळदां चोर नेत नाहीं. ती भलेपणानें बाहेर जाते. विम्याचा प्रतिनिधि ओळखीचा असतो, म्हणून त्याला यादी दिली जाते. वर्गणी थकलेल्यांचीं नांवें 'आठवण' म्हणून व्हॉट्सॲपच्या गटावर झळकतात. चिटणीसांची मुदत संपते, नवे चिटणीस येतात. पण यादी जुन्या चिटणीसांच्या खाजगी मोबाईलमध्यें तशीच राहते. गतवर्षींची सूची रद्दींत जाते, आणि तिच्या पानांत भज्यांच्या पुड्या बांधल्या जातात. यांपैकीं कोणाचाहि हेतु वाईट नसतो, आणि म्हणूनच कोणाला आपली चूकहि दिसत नाहीं.

उपाय खर्चाचे नाहींत. अर्जांतच दोन रकाने करावे : एक संघाच्या कामापुरत्या माहितीचा, दुसरा सूचींत छापण्यास हरकत नसलेल्या माहितीचा, दुसऱ्यासमोर सभासदाची स्वतंत्र सही घ्यावी. घराऐवजीं कचेरीचा पत्ता छापावा. वाढदिवसाच्या शुभेच्छांना दिवस व महिना पुरतो, वर्ष लागत नाहीं. रक्तगटाची यादी मोलाची आहे. अपघाताच्या वेळीं तिनें जीव वांचतो. ती चिटणीसांपाशीं असावी, आणि कोणी विचारल्यास त्यांनीं सभासदाला फोन करून गांठ घालून द्यावी. पदभार देतांना किल्ल्या, शिक्का व बँकेचें पासबुक यांबरोबर यादीहि सोंपवावी, आणि आपल्याजवळ प्रत उरली नाहीं असें जाणाऱ्यानें लिहून द्यावें.

मात्र या सर्वाला दुसरी बाजू आहे, व ती विसरली तर औषधाचेंच विष व्हावयाचें. खाजगीपणाच्या पडद्याआड कारभार लपविण्याचा मोह कार्यकारी मंडळांना होऊं शकतो. सभासद मतदारयादी पाहूं म्हणाला कीं उत्तर यावयाचें, "ती खाजगी माहिती आहे !" २०२३ च्या कायद्यानें माहितीच्या अधिकारांतील खाजगी माहितीचें कलम अधिक कडक केलें, त्यावर टीका झाली ती अशाच भीतीपोटीं. या ठिकाणीं सहकारी संस्थांचा १९६० चा महाराष्ट्राचा कायदा चांगला वाटाड्या ठरतो. शिक्षकांच्या व नोकरदारांच्या पतसंस्था याच कायद्याखालीं चालतात. त्याच्या बत्तिसाव्या कलमानें सभासदाला सभासदांची नोंदवही, सभांचीं इतिवृत्तें व तपासलेला ताळेबंद संस्थेच्या कचेरींत विनामूल्य पाहण्याचा हक्क दिला आहे. म्हणजे निवडणुकीच्या तोंडावर कोणी खोटे सभासद घुसडले तर तें उघडकीस यावें. परंतु देण्याघेण्याच्या वह्यांतील तेवढाच भाग त्यानें पाहावा, जेथें त्याचा स्वतःचा व्यवहार लिहिला आहे. कोण सभासद आहे, हें सर्वांनीं पाहावें. शेजारच्या सभासदाचें कर्ज किती, हें पाहूं नये. एकाच कलमांत संस्थेचा कारभार उघडा ठेवला आहे आणि माणसाचें घर झांकलें आहे. व्यावसायिक संघांना आपले पोटनियम करतांना याहून सोपा नमुना शोधावा लागणार नाहीं.

वकिलांच्या संघानें तर हें सर्वांआधीं करावें. अशिलानें विश्वासानें सांगितलेली गोष्ट वकिलानें त्याच्या संमतीवांचून उघड करूं नये, असें १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें सांगितलें होतें. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेल्या नव्या कायद्यानेंहि तें बंधन कायम ठेवलें आहे. दुसऱ्याचें गुपित सांभाळणें हा ज्यांचा रोजचा धर्म, त्यांच्याच संघाच्या दप्तरांतून आपल्या माणसांची माहिती गळावी, हें शोभणारें नव्हे.

तेव्हां ती तरुणी अर्ज भरून उठेल, त्या वेळीं वर्गणीच्या पावतीबरोबर चिटणीसांनीं तिच्या हातीं आणखी एक चिठ्ठी द्यावी. तुमच्याकडून काय घेतलें, कशासाठीं घेतलें, कोण पाहील, केव्हां पुसलें जाईल, आणि चूक झाल्यास कोणाकडे यावयाचें, हें तींत साध्या मराठींत लिहिलेलें असावें. पांच ओळींची ती चिठ्ठी; पण ठेव ठेवणाऱ्याला ठेवीची पावती मिळाली, एवढें समाधान तिला घरीं नेतां येईल.