लोकलगाडी आणि घरचें घड्याळ

आमचें बिऱ्हाड डोंबिवलीस येऊन बरींच वर्षें झालीं. घरांत तीन पिढ्या नांदतात, आणि तिघींचाहि दिनक्रम लोकलगाडीवर अवलंबून आहे. न्याहारी केव्हां व्हावी, डबे केव्हां भरावे, सायंकाळीं पोळ्या केव्हां लाटाव्या, हें सारें तीच ठरविते. असें असूनहि ती चालते कशी, ह्याचा विचार आपण वडील मंडळी क्वचितच करतों. म्हणून हा अल्पसा प्रयत्न.

हिंदुस्थानांतील उतारूंची पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गेली. तिला १४ डबे होते, आंत सुमारें ४०० निमंत्रित होते, व ओढावयास तीन एंजिनें होतीं. ह्या उद्योगास आरंभापासून साह्य करणाऱ्या हिंदी गृहस्थांत जगन्नाथ शंकरशेट व सर जमशेटजी जीजीभाई हे प्रमुख होत. पुढच्याच वर्षीं रूळ कल्याणपर्यंत आले. पश्चिमेकडे विरार व मुंबई ह्यांमध्यें गाडी १८६७ सालीं सुरू झाली.

परंतु वाफेच्या एंजिनास वेग धरावयास वेळ लागे. जवळजवळ स्टेशनें असलेल्या शहरास तें पुरें पडेना. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेची पहिली गाडी धांवली. १९२८ सालीं कुलाबा ते बोरिवली ह्या मार्गावरहि वीज आली. विजेच्या गाडींत मोटारी डब्यांच्या खालींच बसविलेल्या असतात, आणि दोन्ही टोकांस चालकाची खोली असते. त्यामुळें शेवटच्या स्टेशनांत एंजिन फिरवावें लागत नाहीं.

गाडी पुढें गेली कीं तिच्या मागील सिग्नल आपोआप तांबडा होतो. ती दूर जाईल तसतसा तो पिवळा व शेवटीं हिरवा होतो. स्टेशनांत गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते. मागून गार्ड दोन घंटा देतो, पुढून मोटरमन तसेंच उत्तर देतो, आणि गाडी निघते. गर्दीच्या वेळीं दोन गाड्यांत तीन-चार मिनिटांचेंच अंतर असल्यामुळें एकीनें थोडा वेळ अधिक घेतला तरी मागच्या साऱ्या खोळंबतात. अशा रीतीनें दररोज तीन हजारांहून अधिक फेऱ्या होतात व लाखों माणसें घरीं पोहोंचतात.

ह्या मिनिटांचें मोल मला उशिरानेंच कळलें. गेल्या पावसाळ्यांत एके सायंकाळीं माझी सून दादरच्या कचेरींतून घरीं उशिरा आली. मी जन्मभर घंटेच्या ठोक्यावर वर्ग घेतलेला मनुष्य, सहज बोलून गेलों, “पांच मिनिटें आधीं निघत जावें.”

ती शांतपणें म्हणाली, “बाबा, मी आधींच निघालें होतें. पण गाडींत पाय ठेवावयास जागा नव्हती. दोन गाड्या सोडल्या. दाराशीं लोंबकळत आलें असतें, तर तुमच्या वेळेवर पोहोंचलें असतें.”

मी निरुत्तर झालों. संस्कृतांत ‘काल’ शब्दाचे दोन अर्थ आहेत: वेळ आणि मृत्यु. तो शब्द मीं किती वर्गांस शिकविला असेल! पण दोन्ही अर्थ एकाच दाराशीं उभे असतात, हें त्या सायंकाळीं उमगलें. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळ दाराशीं लोंबकळणारे प्रवासी धांवत्या गाड्यांतून पडले व त्यांतील कांहीं प्राणांस मुकले. मुंब्रा आमच्या वाटेवरचेंच स्टेशन. ह्या उपनगरी रेल्वेवर रूळ ओलांडतांना, गाडींतून पडून व अन्य कारणांनीं दरवर्षीं दोन हजारांहून अधिक माणसें दगावतात.

उपाय होत आहेत. ५ मे १९९२ रोजीं चर्चगेट ते बोरिवली केवळ स्त्रियांसाठीं गाडी निघाली. २५ डिसेंबर २०१७ पासून आपोआप मिटणाऱ्या दारांची वातानुकूलित गाडीहि धांवूं लागली. डबे वाढविले गेले. परंतु घाईचें एक मूळ आपल्या घरांतहि आहे. कचेरींत वरिष्ठांचें बोलणें आणि उंबऱ्याशीं वडिलांचें बोलणें, ह्या दोहोंच्या कात्रींत सांपडलेला मनुष्य भरली गाडी कशी सोडील?

त्या दिवसापासून आमच्या घरीं “उशीर कां झाला?” हा प्रश्न बंद झाला आहे. जो आधीं येईल त्यानें कुकर लावावा, असा नेम ठरला. तो लावणें मींहि शिकून घेतलें. भिंतीवरचें घड्याळ तेंच आहे, पण तें आतां कोणास दटावीत नाहीं. सुज्ञ वाचकांनीं आपापल्या घरीं येवढें करून पाहावें. गाडी चुकली तर मागून दुसरी येते. घरच्या माणसाचें तसें नाहीं.