कासव आणि काटकोन

वर्गांत संगणक आला म्हणजे शिक्षण सुधारलें, असें मानण्याकडे अलीकडे पालकांचा कल दिसतो. परंतु यंत्रानें मुलास चालवावें, कीं मुलानें यंत्रास, हा खरा प्रश्न आहे. त्याचें एक उत्तर १९६७ सालीं अमेरिकेंत सेमूर पेपर्ट, सिंथिया सॉलोमन व त्यांचे सहकारी यांनीं मुलांकरितां ‘लोगो’ ही संगणकाची भाषा रचून दिलें.

या भाषेंत पुढें पडद्यावर फिरणारें एक लहानसें ‘कासव’ आलें. ‘१०० पुढें, ९० अंश उजवीकडे’ ही आज्ञा चार वेळां दिली कीं चौरस उमटतो. मग समभुज त्रिकोण काढतांना मूल पुष्कळदां ६० अंश सांगतें, आणि आकृति उघडीच राहते. कारण ६० हा आंतला कोन. कासव वळतें तें बाहेरच्या कोनांतून. पूर्ण फेरी ३६० अंशांची. तिचे चार समान भाग केले तर ९०, तीन केले तर १२०. चूक डोळ्यांसमोर दिसते, रागावणारें कोणी नसतें, म्हणून मूल ती आपण होऊन शोधूं लागतें.

शिक्षकाचें काम मात्र संपत नाहीं. प्रथम अंगणांत खडूनें रेघा मारून मुलासच कासवाप्रमाणें चालवावें. मग यंत्राजवळ न्यावें. शाळेंत एकच संगणक असला तरी एवढें साधतें. उलट, प्रत्येकाच्या हातीं पडदा देऊन नुसतीं चित्रें दाखविलीं, तर पाठांतराची जागा बघत बसण्यानें घेतली, इतकाच फरक पडेल.