ओलं झालं की कळवणारं पान

एक कोडं घालू? द्राक्षाच्या बागेत एक पान आहे. ते वाढत नाही, पिवळं पडत नाही, गळतही नाही. पण अंगावर दव पडलं रे पडलं, की त्याची बातमी थेट शेतकऱ्याच्या मोबाइलवर!

हरलात? ते पान म्हणजे एक सेन्सर आहे. नाशिककडच्या काही द्राक्षबागांत तो वेलींच्या मध्ये बसवलेला दिसतो. एक चपटी पट्टी, तिच्यावर धातूच्या बारीक रेषा, एकमेकींना न शिवता शेजारी शेजारी. पट्टी कोरडी असेल, तर या रेषेतून त्या रेषेत वीज जात नाही. दवाचा थेंब दोन रेषांवर पसरला, की त्यातून किंचितशी वीज वाहते. लगेच नोंद होते : पान ओलं!

पण पान ओलं झालं तर बिघडलं कुठे?

बिघडतं, कारण केवडा! हा रोग म्हणजे द्राक्षाचा मोठा शत्रू. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वेलींना कोवळी फूट येते आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस, दव, धुकं. पानावरच्या पाण्यात केवड्याचे सूक्ष्म बीजाणू फुटतात. त्यांतून दोन शेपट्यांचे इवलेसे जीव बाहेर पडतात आणि चक्क पोहायला लागतात! पोहत पोहत ते पानाच्या खालच्या बाजूची छिद्रं गाठतात आणि तिथून आत शिरकाव करतात. त्याआधीच पाणी वाळलं, तर त्यांचा खेळ खलास. म्हणून पान किती तास ओलं राहिलं, याला एवढं महत्त्व.

सेन्सरच्या जोडीला तापमान, आर्द्रता आणि पाऊस मोजणारी यंत्रंही असतात. सगळे आकडे मोबाइलच्या नेटवर्कवरून संगणकाकडे जातात. तो हिशेब मांडतो आणि अ‍ॅपवर इशारा येतो. धोका नसेल, तर फवारणी टळते. औषधाचे पैसे वाचतात आणि द्राक्षांवर औषधाचा अंशही कमी राहतो. युरोपात जाणाऱ्या द्राक्षांची तर त्यासाठी प्रयोगशाळेत तपासणीच होते.

अ‍ॅपला धोका कळतो, पण रोग दिसत नाही. म्हणून बागायतदार आजही पान उलटून बघतात : खाली पांढरी लव तर आली नाही ना?

आता तुमची पाळी. थंडीत रोज सकाळी अंगणातल्या पानांवरचं दव किती वाजता वाळतं, ते आठवडाभर वहीत लिहा. ढगाळ दिवशी काय फरक पडतो, तेही बघा!