जेलब्रेक केलेल्या आयफोनवरील लॉक स्क्रीन सूचनांची पुनर्रचना : कार्यपद्धती आणि गोपनीयतेचा प्रश्न

प्रस्तावना

कुलूपबंद भ्रमणध्वनी संचाचा पडदा मालकाच्या मालकीचा असला तरी तो अंशतः सार्वजनिक असतो. टेबलावर ठेवलेल्या संचावर बँकेचा ओटीपी, वैद्यकीय अहवालाचा निरोप किंवा घरातील खासगी मजकूर उमटला, की तो शेजारी बसलेल्या व्यक्तीलाही वाचता येतो. त्यासाठी तिला पासकोड ठाऊक असावा लागत नाही. या पडद्यावर काय दिसावे व काय दिसू नये हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न म्हणूनच केवळ सजावटीचा नाही. ॲपल कंपनीच्या आयफोनवर हा अधिकार दीर्घकाळ प्रामुख्याने कंपनीकडे होता, आणि तो आपल्याकडे घेण्याचा वापरकर्त्यांचा मार्ग म्हणजे जेलब्रेक होय. प्रस्तुत लेखात या मार्गाची कार्यपद्धती आणि त्यासाठी मोजावी लागणारी किंमत यांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

आयफोन २९ जून २००७ रोजी अमेरिकेत विक्रीस आला. त्याच्या कार्यप्रणालीत कंपनीची स्वाक्षरी नसलेली आज्ञावली चालत नाही. प्रणालीतील एखाद्या सुरक्षा-त्रुटीचा उपयोग करून हे बंधन दूर करणे यास जेलब्रेक म्हणतात. २००८ मध्ये जे फ्रीमन यांनी सिडिया हे माध्यम उपलब्ध करून दिले व जेलब्रेक केलेल्या संचांवर अनधिकृत आज्ञावली उतरवून घेणे सामान्य वापरकर्त्यास शक्य झाले.

त्या काळातील लॉक स्क्रीन अगदीच रिकामी होती. जून २००९ मध्ये पुश सूचना आल्या खऱ्या, परंतु त्या पडद्याच्या मध्यभागी एका निळ्या चौकटीत उमटत. नवी सूचना आली की जुनी तिच्याआड जाई आणि चालू काम थांबवून चौकट बाजूला सारावी लागे. इंटेलिस्क्रीन, लॉकइन्फो यांसारख्या आज्ञावलींनी दिनदर्शिका, ई-मेल आणि हुकलेले कॉल कुलूपबंद पडद्यावरच यादीच्या स्वरूपात मांडून दाखविले. पीटर हाजस यांनी मोबाइल नोटिफायर ही मुक्तस्रोत आज्ञावली रचली. २०११ मध्ये ॲपलने त्यांना आपल्या सेवेत घेतले आणि त्याच वर्षी १२ ऑक्टोबर रोजी आलेल्या आयओएस ५ मध्ये नोटिफिकेशन सेंटर व लॉक स्क्रीनवरील सूचनांची यादी समाविष्ट झाली. कंपनीने कोणाचे अनुकरण केले याचा निवाडा येथे करावयाचा नाही. मात्र मागणी खरी होती, हे कंपनीच्याच कृतीने दिसून आले.

कार्यपद्धती

लॉक स्क्रीन, मुख्य पडदा आणि सूचनांची मांडणी ही सर्व कामे आयओएसमधील स्प्रिंगबोर्ड ही प्रक्रिया पाहते. जेलब्रेक केलेल्या संचावर मोबाइल सबस्ट्रेट नावाचा दुवा असतो (पुढे त्याची जागा अन्य दुव्यांनीही घेतली). स्प्रिंगबोर्ड सुरू होताना हा दुवा तिच्यात बाहेरची छोटी आज्ञावली शिरवितो. अशा छोट्या आज्ञावलीस ट्वीक म्हणतात. मूळ प्रणाली ‘ही सूचना दाखव’ असा आदेश देते तेव्हा ट्वीक तो आदेश वाटेतच अडवितो, त्यात फेरफार करतो आणि मग पुढे सोडतो. मूळ आज्ञावलीची संचिका जशीच्या तशी राहते, बदल केवळ स्मृतीत घडतो. ट्वीक काढून टाकल्यास संच बहुधा पूर्ववत होतो तो याच कारणामुळे.

वापरकर्त्याचे काम त्या मानाने सोपे असते. ट्वीक उतरवून घ्यावा, स्प्रिंगबोर्ड पुन्हा सुरू करावी (या क्रियेस ‘रिस्प्रिंग’ हा रूढ शब्द आहे) आणि सेटिंग्जमध्ये दिसू लागलेल्या नव्या पानावर आपली निवड नोंदवावी. पाठविणाऱ्याचे नाव दाखवून मजकूर झाकणे, एका ॲपच्या सूचना एकत्र बांधणे, ठरावीक शब्द असलेला संदेश वगळणे, रंग व मांडणी बदलणे असे प्रकार यातून साध्य होतात. रंगरूपाच्या ट्वीकना अधिक लोकप्रियता लाभली असली, तरी खरे मोल मजकूर झाकणाऱ्यांचे आहे असे वाटते.

येथे एक व्यावहारिक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. एखाद्या ट्वीकमुळे स्प्रिंगबोर्ड कोसळल्यास प्रणाली ‘सेफ मोड’मध्ये जाते आणि त्या अवस्थेत कोणताही ट्वीक चालत नाही. तसेच २०१९ मधील चेकरेन यासारख्या जेलब्रेकमध्ये संच बंद करून पुन्हा सुरू केला की जेलब्रेक नव्याने करेपर्यंत ट्वीक निष्क्रिय राहतात. अशा वेळी झाकलेला मजकूर मूळ प्रणालीच्या नियमाप्रमाणे उघड दिसू लागतो. म्हणून प्रथम मूळ सेटिंग्जमध्येच सूचनांची झलक बंद ठेवावी व त्यानंतर ट्वीकने हवी तेवढी सूट द्यावी. उलट क्रम धोक्याचा ठरतो.

गोपनीयतेची किंमत

यापेक्षा गंभीर प्रश्न वेगळाच आहे. सूचना झाकण्यासाठी ट्वीकला ती आधी वाचावी लागते. स्प्रिंगबोर्डमध्ये शिरलेल्या आज्ञावलीस प्रत्येक ॲपच्या प्रत्येक सूचनेचे शीर्षक व मजकूर उपलब्ध असतो. शेजाऱ्याच्या नजरेपासून ओटीपी वाचविताना तो एका अपरिचित आज्ञावलीकाराच्या हाती सोपविला जातो. तो प्रामाणिक असेलही, परंतु त्याची तपासणी करणारी यंत्रणा जेलब्रेकने आधीच दूर केलेली असते.

ही भीती काल्पनिक नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात ‘इकी’ या वर्मने जेलब्रेक केलेल्या आयफोनच्या लॉक स्क्रीनवर गायक रिक ॲस्टली यांचे छायाचित्र झळकविले. ज्या वापरकर्त्यांनी दूरस्थ प्रवेशाची सोय बसविली, पण ‘अल्पाइन’ हा मूळ परवलीचा शब्द बदलला नाही, तेच त्याला बळी पडले. तो प्रकार थट्टेचा होता, तथापि त्याच महिन्यात आलेल्या दुसऱ्या अवताराने नेदरलँड्समधील एका बँकेच्या ग्राहकांना लक्ष्य केले. २०१५ मध्ये उघडकीस आलेल्या ‘कीरेडर’ने तर ट्वीकच्या वेषात येऊन २,२५,००० हून अधिक ॲपल खात्यांची माहिती चोरली. त्याने वापरलेला मार्ग मोबाइल सबस्ट्रेटचाच होता. सूचना झाकणारा ट्वीक आणि खाते चोरणारा ट्वीक एकाच दरवाजाने आत येतात.

कायद्याची बाजू तुलनेने सौम्य आहे. अमेरिकेत जुलै २०१० मध्ये भ्रमणध्वनीच्या जेलब्रेकला प्रताधिकार कायद्यातून सवलत मिळाली. भारतात प्रताधिकार अधिनियमातील २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ हे संरक्षक उपाय मोडण्यामागे हक्कभंगाचा हेतू असणे आवश्यक मानते.

आजची स्थिती

मूळ प्रणालीने यांपैकी बरेच काही आता स्वतःकडे घेतले आहे. आयओएस ११ ने २०१७ मध्ये झलक नेहमी, कुलूप उघडल्यावर किंवा कधीच न दाखविण्याचा पर्याय सर्व ॲप्ससाठी एकत्र दिला. २०१८ मध्ये सूचनांचे गट आले आणि सप्टेंबर २०२२ च्या आयओएस १६ मध्ये संख्या, चळत वा यादी अशी मांडणी निवडता येऊ लागली. सप्टेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘चेकमेट’ ही त्रुटी चिपमध्येच असल्याने अद्ययावतीकरणाने बुजविता येत नाही. तथापि ती आयफोन एक्सपर्यंतच्या संचांनाच लागू आहे. त्यानंतरच्या संचांवर जेलब्रेक करणे उत्तरोत्तर कठीण झाले आहे. जो वापरकर्ता केवळ मजकूर झाकू इच्छितो, त्याला आता जेलब्रेकची आवश्यकता उरलेली नाही. अपवाद आहे तो एकाच ॲपमधील भेदाचा. बँकेचा ओटीपी आणि घरचा निरोप हे दोन्ही मेसेजेसमध्येच येत असतील, तर मूळ प्रणालीत झलकेची निवड ॲपनिहाय असल्याने एकतर दोन्हींचा मजकूर दिसतो, नाहीतर दोन्हींचा झाकला जातो.