ताल चुकवा, गाडी पळेल!

भिवपुरी म्हटलं की मुंबईकराला पावसाळी धबधबा आठवतो. माझ्या मते इथलं खरं नवल टाटांच्या वीजघरात आहे. 1922 पासून ठोकरवाडी धरणाचं पाणी घाटावरून सुमारे पाचशे मीटर खाली झेपावतं आणि इथली चाकं फिरवतं.

चाकाबरोबर फिरतो रोटर, म्हणजे उत्तर-दक्षिण ध्रुवांचा दणकट विद्युतचुंबक. भोवतालच्या वेटोळ्यांतून वीज वाहू लागली की त्यांचंही चुंबकक्षेत्र त्याच वेगाने फिरू लागतं. गंमत अशी, की रोटर या क्षेत्राच्या किंचित पुढे असतो. दोघं तंतोतंत एका रेषेत आले, तर वीजघरातून बाहेर जाणारी वीज शून्य!

लोकलच्या मोटारीत याच्या उलट: क्षेत्र पुढे, रोटर मागे. त्याला गाठायच्या ओढीतून चाकांना जोर मिळतो.

1929 मध्ये कर्जतच्या घाटातून विजेच्या गाड्या धावू लागल्या. 37 फुटांना एक फूट चढ! तिथे मालगाड्या ओढणाऱ्या ‘क्रोकोडाइल’ इंजिनांना इथले रेल्वेवाले ‘खेकडा’ म्हणत. उतारावर त्यांच्या मोटारी जनित्र व्हायच्या आणि वीज तारेत परत धाडायच्या.



इथवर चुंबकच एकमेकांना ओढत-ढकलत होते; आता त्यांचीच खरी चक्रावणारी गोष्ट. दोन चुंबक एकाच पाटीवर ठेवले तर एकमेकांना कितीही ढकलोत, पाटी जागची हलत नाही. क्रिया-प्रतिक्रिया समान. पण तेच दोन चुंबक, म्हणजे दोन ध्रुवांचे ‘द्विध्रुव’, वेगाने कंप पावत असतील तर? एकाची खबर दुसऱ्याला पोचते ती प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे एका मीटरला सुमारे 3.3 नॅनोसेकंद उशिरा. प्रत्येकाला दुसऱ्याचं शिळं रूप जाणवतं. दोघांत पाव तरंगलांबीचं अंतर ठेवा, एकाचा ताल पाव आवर्तनाने मागे ठेवा, की जास्त लहरी मागे पडलेल्याच्या बाजूला निघतात आणि जोडी पुढच्याच्या दिशेने ढकलली जाते. बाहेरून कुणी हात लावलेला नाही! न्यूटनचा हिशेब मात्र चोख राहतो, कारण उरलेला संवेग लहरी घेऊन गेलेल्या असतात. लोकल रुळाला मागे रेटते, ही जोडी प्रकाशाला.

हा रेटा किती? भिवपुरीची सगळी 75 मेगावॉट वीज एकाच दिशेच्या झोतात ओतली, तरी पाव न्यूटन. पाच रुपयांच्या चार नाण्यांच्या वजनाएवढा! म्हणून लोकलला रूळच बरे.

आणि आपल्या 50 हर्ट्‌झच्या विजेवर ही जोडी चालवायची, तर पाव तरंगलांबी भरते 1500 किलोमीटर. एक द्विध्रुव भिवपुरीत, दुसरा जवळजवळ कोलकात्याला. रेडिओच्या 100 मेगाहर्ट्‌झला मात्र पाऊण मीटर पुरतो.

पुन्हा वीजघराकडे येऊ. टाटा पॉवरने 2023 मध्ये भिवपुरीत 1000 मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पासाठी राज्य सरकारशी करार केला. उदंचन म्हणजे वीज स्वस्त असताना पाणी वर चढवायचं, गरजेला खाली सोडायचं. असं काम बहुधा एकच यंत्र दोन्ही वेळा करतं. वर चढवताना रोटर क्षेत्राच्या किंचित मागे, वीज काढताना किंचित पुढे.