पर्पर्ना : एका रोमन कुलनामाच्या उगमाची समस्या

प्रस्तावना :
प्राचीन रोमच्या सामाजिक इतिहासात कुलनाम हे महत्त्वाचे साधन मानले जाते. तथापि केवळ नावावरून एखाद्या घराण्याचे मूळ निश्चित करता येते काय, हा विवाद्य प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात ‘पर्पर्ना’ या अल्पपरिचित कुलनामाच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

घराण्याचा परिचय :
इ.स.पू. 168 मध्ये मार्कस पर्पर्ना हा इलिरियाचा राजा गेंटियस याच्याकडे रोमचा दूत म्हणून गेला व तेथे बंदिवान झाला. त्याच नावाचा इ.स.पू. 130 चा कॉन्सल आशिया मायनरमधील अरिस्टोनिकसच्या बंडाचा पराभव करून विख्यात झाला. पुढे मार्कस पर्पर्ना व्हेएंटो याने सर्टोरियसच्या हत्येचा कट रचला, इ.स.पू. 72 च्या सुमारास पाँपेने त्यास देहान्त शासन केले.

भाषिक पुरावा :
बहुसंख्य रोमन कुलनामे ‘-इयस’ या प्रत्ययाने संपतात. ‘-ना’ हा शेवट मात्र एट्रुस्कन नामपद्धतीचा द्योतक आहे. किकिना, स्पुरिना ही नावे याच वर्गातील होत. किकिना घराण्याच्या बाबतीत व्होल्टेरा येथील एट्रुस्कन शिलालेख या अनुमानास पुष्टी देतात.

साहित्यिक पुरावा :
इ.स.च्या पहिल्या शतकातील लेखक व्हॅलेरियस मॅक्सिमस वेगळी हकीकत सांगतो. त्याच्या मते इ.स.पू. 130 चा कॉन्सल नागरिक होण्यापूर्वीच कॉन्सल झाला. त्याच्या पित्याचा नागरिकत्वाचा दावा पापियस कायद्यान्वये फेटाळला गेला आणि सॅबेली लोकांनी त्यास मूळ स्थानी परतण्यास भाग पाडले. हा वृत्तान्त ग्राह्य धरल्यास घराण्याचे मूळ एट्रुरियात नव्हे, तर मध्य इटलीतील सॅबेलियन प्रदेशात शोधावे लागते. परंतु येथे कालविसंगती उद्भवते. ज्ञात पापियस कायदा इ.स.पू. 65 चा, म्हणजे त्या कॉन्सलपदानंतर 65 वर्षांनी झालेला आहे. शिवाय इ.स.पू. 168 चा दूत हाच कॉन्सलचा पिता असल्यास, रोमने परक्यास दूत नेमले असे मानावे लागेल.

निष्कर्ष :
प्रत्ययावरून नाव कोणत्या भाषेत घडले एवढेच कळते. ते धारण करणारे कुटुंब कोठून आले हे कळत नाही, कारण नावे विवाह, स्थलांतर व दत्तकविधानातून भाषिक सीमा ओलांडतात. म्हणून पर्पर्ना हे नाव एट्रुस्कन, परंतु घराण्याचे मूळ अनिर्णित, असे म्हणणेच पुराव्यास धरून होईल. नाव आणि वंश यांची गल्लत टाळणे, हाच या छोट्या उदाहरणाचा इतिहासाच्या अध्यापकांसाठी मोठा धडा आहे.