शब्दांच्या शेजारच्या कला

लेखकाला प्रेरणा कोठून मिळते, हा प्रश्न विद्यार्थी मला नेहमी विचारीत. प्रेरणा म्हणजे विषय, असा समज त्या प्रश्नामागे असतो. मला तो अपुरा वाटतो. दुसरी कला वा एखादा विचार लेखकाला बहुधा विषय देत नाही. पाहण्याची आणि ऐकण्याची रीत देतो.

अरुण कोलटकरांचे (निधन २००४) उदाहरण घेऊ. ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, जाहिरातक्षेत्रात चित्रकार म्हणून नावाजले आणि पखवाजही शिकले. १९७६ साली ग्रंथरूपाने आलेल्या त्यांच्या 'जेजुरी' या इंग्रजी कवितासंग्रहात निखळलेले दार आहे, फुलपाखरू आहे, रेल्वेस्थानकावरचे कुत्रे आहे. भाविकाचा गहिवर तेथे नाही. मांडणीकार कागदावर कोरी जागा राखतो, त्याप्रमाणे कोलटकर भाष्य गाळतात आणि वस्तूलाच बोलू देतात.

दिलीप चित्रे (१९३८–२००९) यांचा जन्म आपल्या वडोद्याचा. त्यांनी चित्रे काढली, 'गोदाम' हा चित्रपटही दिग्दर्शित केला. तथापि त्यांना दीर्घकाळ सोबत लाभली ती तुकोबांची. 'पुन्हा तुकाराम' (१९९०) आणि अभंगांच्या इंग्रजी भाषांतराचे 'सेज तुका' (१९९१) ही त्या सोबतीची फळे होत. भाषांतरकाराला प्रत्येक शब्द दोनदा ऐकावा लागतो. देवाशीही रोजच्या बोलीत भांडता येते, हा संतांचा विचार आधुनिक कवीच्या कानी पडला तो असा.

याच नगरीत १९५० साली महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललितकला विद्याशाखा सुरू झाली. तेथे शिकलेले आणि पुढे तेथेच शिकविणारे चित्रकार गुलाममोहम्मद शेख हे गुजरातीतील महत्त्वाचे कवी. 'अथवा' हा त्यांचा संग्रह १९७४ चा. भूपेन खख्खर हिशेबनिसाचे काम सांभाळून चित्रे काढीत आणि गुजरातीत कथा-नाटके लिहीत. घड्याळजी, न्हावी अशी साधी माणसे त्यांनी चित्रात आणली. सामान्य माणसाविषयीचे तेच कुतूहल त्यांच्या कथांतही आहे.

यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. परीक्षा जवळ आली की चित्रकलेचे व गायनाचे तास प्रथम काढून घेतले जातात, आणि ते भाषेला दिल्यास भाषेचा लाभ झाला असे मानले जाते. वस्तुतः हानी भाषेचीच होते. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या कानांवर घराबाहेर मराठी क्वचितच पडते. त्यांना अभंग पाठ करण्याआधी तो गाऊन घ्यावा, निबंध लिहिण्याआधी वस्तू रेखाटून पाहावी. ज्याने दार नीट पाहिले आहे, त्याला दारासाठी शब्द शोधावासा वाटतो. आणि तो शोधण्याची निकड जोवर आहे, तोवर मराठीची चिंता करण्याचे कारण नाही.